जुनी डिझेल जीप वाटेत अडली, तर आधी धूर बघा

सेल्फ फिरतोय पण इंजिन घेत नाही, अशा वेळी बहुतेक जण बॉनेट उघडतात आणि दिसेल तो नट फिरवायला लागतात. त्याआधी एका माणसाला मागे सायलेन्सरपाशी उभं करा, ॲक्सिलरेटर दाबून धरा आणि दहा सेकंद सेल्फ मारा. मागच्याने एवढंच सांगायचं: धूर येतो की नाही, आणि आला तर कोणत्या रंगाचा.

धूर अजिबात नाही, म्हणजे सिलेंडरपर्यंत डिझेल पोचत नाही. पांढरा धूर येतो, डोळ्यांना झोंबतो, डिझेलचा वास येतो, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही: इंजिन फार गार आहे, हीटर प्लग (गार इंजिन घ्यावं म्हणून आतली हवा तापवणारे) गेलेत, सेल्फ हळू फिरतोय किंवा कॉम्प्रेशन उतरलंय. दाट काळा धूर म्हणजे हवा अडलीय, एअर क्लीनर बघा. चालत्या गाडीतून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. त्याने गाडी लगेच थांबत नाही, घरी गेल्यावर बघता येतं. एवढ्या परीक्षेने निम्मं काम होतं.

खालची सगळी माहिती मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांसाठी आहे. म्हणजे २११२ सीसीच्या प्यूजो एक्सडीपी इंजिनाच्या महिंद्रा जीपा, २५२३ सीसीच्या डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिनाच्या गाड्या, १९४८ सीसीची जुनी टाटा सफारी फोर-बाय-फोर आणि त्यांची भावंडं. कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डिझेल यंत्रणेच्या नव्या गाडीचे डिझेल नट इंजिन चालू असताना सैल करू नका. तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो, तो खेळ वेगळा.

हवा धरली

वाटेत बंद पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हे. टाकी रिकामी झाली, फिल्टर बदलल्यावर वॉशर नीट बसलं नाही, किंवा टाकीपासून फीड पंपापर्यंतचा (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) रबरी पाइप उन्हाने तडकला. एक गोष्ट लक्षात ठेवा. फीड पंपाच्या अलीकडचा पाइप ओढणारा असतो, तिथे चीर पडली की डिझेल गळत नाही, हवा आत जाते. म्हणून "कुठं ओलं दिसत नाही, मग लीक नाही" हे बरोबर नाही. पलीकडे, दाबाच्या बाजूला मात्र गळती ओली दिसते.

आपल्याकडे आणखी एक कारण घडतं. शेतावर ड्रममध्ये साठवलेलं डिझेल अडीअडचणीला गाडीत ओतलं जातं. ड्रमच्या तळाशी पाणी आणि गाळ असतो. नळी तळापर्यंत घातली की तोच आधी येतो. ड्रममधून घ्यायचंच असेल तर नळी तळापासून चार बोटं वर धरा आणि दुहेरी सुती कापडातून गाळून घ्या. कापडाने गाळ अडतो, पाणी पूर्ण अडत नाही.

हवा काढायची रीत:

१. काट्यावर विश्वास ठेवू नका, टाकीत स्वच्छ काडी घालून बघा. पाव टाकीवर घाट चढताना सक्शन पाइपचं तोंड उघडं पडून हवा ओढली जाते.

२. फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि जे येईल ते पाण्याच्या पारदर्शक रिकाम्या बाटलीत धरा. दोन मिनिटं बाटली स्थिर ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. थर दिसेनासा होईपर्यंत काढत राहा.

३. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दीड फेरा सैल करा. दोन फिल्टर असतील तर टाकीकडचा आधी, पंपाकडचा नंतर. उलटं केलं तर तीच हवा पुढे सरकते आणि काम दुप्पट होतं.

४. हँड प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल पुढे ढकलायचा छोटा पंप, मारा. इनलाइन पंपाच्या (प्रत्येक सिलेंडरला पंपात वेगळा दट्ट्या असतो तो) गाडीत तो फीड पंपावरच असतो. त्याची खाचेची गुंडी डावीकडे फिरवली की मोकळी होऊन वर येते. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग काचेसारखी सलग धार. सलग धार आली की हात न थांबवता दुसऱ्याने स्क्रू आवळायचा. काम झालं की गुंडी पुन्हा खाली दाबून आवळा. ती तशीच मोकळी राहिली तर तिथूनच गळायला लागतं.

५. आता पंपावरचा एअर स्क्रू, तीच रीत.

६. एवढ्यावर इंजिन घेतलं नाही तर सिलेंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या दोन नोझलांचे पाइप-नट, बहुतेक सतराच्या पान्याचे, अर्धा फेरा सैल करा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. नटाखालून डिझेल उडू लागलं की आवळा. तेवढ्यात इंजिन भुकभुक करत उचलतं.

नोझलच्या तोंडाशी हात किंवा बोट कधीही धरू नका. शंभराहून जास्त बार दाबाची ती धार कातडीतून आत जाते. वर सुईएवढं भोक दिसतं, आत मात्र डिझेल शिरलेलं असतं. असं झालं तर लगेच दवाखाना गाठायचा, "काही दुखत नाही" म्हणून बसायचं नाही.

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नये, मध्ये अर्धा मिनिट तरी सोडावा. हवा काढताना सेल्फ जाळून बसलेल्या गाड्या गॅरेजात कमी येत नाहीत.

बँजो बोल्टचं (डिझेल पाइपाचं कडं धरणारा पोकळ बोल्ट) तांब्याचं वॉशर एकदा दाबलं की कडक होतं आणि पुन्हा नीट बसत नाही. नवं नसेल तर जुनं पक्कडीत धरून गॅसच्या किंवा चुलीच्या आचेवर लाल करा आणि गार होऊ द्या, ते पुन्हा मऊ होतं. ही युक्ती ॲल्युमिनियमच्या वॉशरवर करायला जाऊ नका, ते वितळून जाईल.

हवा काढली, पाच किलोमीटरवर पुन्हा बंद

आता हवा कुठून येते ते शोधायचं. पाइपभर हात फिरवण्यापेक्षा सोपा उपाय आहे. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घ्या, कॅन फीड पंपापेक्षा उंच ठेवा आणि त्यातून एक नळी थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडा. हवा काढून गाडी चालू करा. सुरळीत चालली तर दोष टाकी ते पंप या टप्प्यात आहे, पंप आणि नोझल निर्दोष. हाच कॅन बांधून गाडी तालुक्यापर्यंत नेताही येते. दोन गोष्टी सांभाळा: कॅन एक्झॉस्टपासून लांब हवा, आणि रिटर्नची नळीही त्याच कॅनमध्ये सोडा. नाहीतर पंप वापरतो त्याहून जास्त डिझेल जुन्या टाकीत परत जाईल आणि कॅन बघता बघता रिकामा होईल.

गाडी दहा-बारा किलोमीटर चालते, मरते, वीस मिनिटं थांबलं की पुन्हा चालू होते, असं होत असेल तर टाकीचं झाकण उघडून कान द्या. हवा आत ओढल्याचा 'फुस्स' आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक धुळीने बुजलंय. झाकण सैल ठेवून चला, घरी गेल्यावर भोक साफ करा. आवाज नाही आला तर टाकीतली जाळी तुंबलेली असू शकते. फीड पंपाकडची नळी सोडून पायपंपाने टाकीच्या दिशेने हवा मारा, तेवढ्यापुरता गाळ मागे सरतो.

टाकी दगडाने फुटून झिरपत असेल तर अंगाचा नाही, कपडे धुण्याचा वडीचा साबण घ्या. जागा कापडाने पुसून साबण भोकात घट्ट रगडा. डिझेलमध्ये साबण विरघळत नाही. ओल्या जागेवर एमसील धरत नाही, म्हणून एमसील त्याच्या वरून लावायचं, आधी नाही.

स्टॉप सोलेनॉइड आणि स्टॉपची वायर

रोटरी पंपाच्या (एकच फिरता भाग सगळ्या सिलेंडरांना डिझेल वाटतो तो) गाडीत पंपावर अंगठ्याएवढी एक डबी असते, तिला एकच वायर. चावी लावली की ती 'टक' करते आणि डिझेलचा रस्ता उघडते. खडबडीत पांदणीतून आलेल्या गाडीत ही वायर निसटते, इंजिन गप्पकन मरतं आणि धूर शून्य. लोक तासभर हवा काढत बसतात. म्हणून धूर नसेल तर हवा काढण्याआधी चावी लावून ही 'टक' ऐका. आवाज नाही तर बॅटरीच्या प्लसवरून एक वायर थेट त्या डबीला लावा. इंजिन घेतलं तर तसंच चला. बंद करायला ती वायर काढायची.

इनलाइन पंपाच्या गाडीत स्टॉपची ओढायची केबल असते. ती गंजून ओढलेल्याच जागी अडकली तर डिझेल बंदच राहतं. पंपावरचा लिव्हर हाताने चालू बाजूला ढकला.

सेल्फच फिरत नाही

बॅटरीचे टर्मिनल आधी हाताने हलवा. हलले तर तिथेच दोष. पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर गरम पाणी ओता, घासा, आवळा. मग इंजिन आणि चॅसी यांना जोडणारी अर्थची जाड पट्टी बघा. ती तुटली की दिवे लागतात पण सेल्फ नुसता कण्हतो. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारा, लगेच कळेल.

नुसतं 'टक' होऊन थांबत असेल तर सेल्फच्या अंगावर टामीने (लोखंडी कांबेने) दोन हलके ठोके द्या. घासलेले कार्बन ब्रश जागेवर येतात आणि एक-दोनदा काम भागतं. त्यानंतर घरी पोचेपर्यंत इंजिन बंद करू नका.

ढकलून चालू करायची तर दुसरा गिअर. मेकॅनिकल पंपाच्या डिझेलला एकदा पेट धरल्यावर बॅटरीची गरज फक्त सोलेनॉइड असला तर त्याला, तीही नगण्य. अल्टरनेटर मेला तरी दिवसाउजेडी गाडी शंभर किलोमीटर सहज जाते. पण आधी बघा की मेला तो अल्टरनेटर की त्याचा पट्टा.

हीटर प्लगबद्दल थोडक्यात: एक्सडीपीसारख्या इंजिनाला डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पंधरा-वीस सेकंद हीटर लागतो. २५२३ सीसीच्या डीआयला तो नसतोच. हीटर असलेल्या इंजिनात इथरचा स्प्रे कधी मारू नका. तापलेल्या प्लगवर तो अवेळी पेटतो आणि पिस्टन फोडतो.

गरम होणं

मराठवाड्यात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि जुन्या रेडिएटरची परीक्षा होते. पण खरं म्हणजे गाड्या ऑक्टोबरातही तापतात. सोयाबीनची मळणी सुरू असते, भुसा हवेत असतो आणि रेडिएटरच्या पाकळ्यांत जाऊन बसतो. समोरून बघितलं तर फार काही दिसत नाही. इंजिनाच्या बाजूने पाणी मारून पुढे काढा. पुढून मारलंत तर भुसा आणखी आत ठासला जातो.

काटा लाल झाल्यावर दोन वेगळ्या परिस्थिती असतात आणि उपाय उलटे आहेत. पाणी आहे पण तापलंय, वाफ सुटत नाही: सावलीत थांबा, इंजिन बंद न करता आयडलवर जरा वाढवून चालू ठेवा, केबिनचा हीटर असेल तर पूर्ण उघडा. पाणीच गेलंय, वाफेचा लोट आहे: ताबडतोब बंद करा. झाकणाला अर्धा तास हात लावू नका. नंतर जाड कापड घेऊन पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, वाफ जाऊ द्या, मग काढा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर सिलेंडर हेड तडकतं. थोडं निवल्यावर इंजिन चालू करा आणि बारीक धारेने भरा.

होज फुटला तर नुसती चिकटपट्टी टिकत नाही. जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापा. होज पूर्ण कोरडा पुसा. फुटक्या जागेच्या चार बोटं अलीकडून सुरुवात करून पट्टी ताणत, निम्म्यावर निम्मी चढवत चार बोटं पलीकडे न्या. ताण महत्त्वाचा, सैल पट्टीला पाणी ढकलून देतं. वरून बाइंडिंग वायर पक्कडीने पिळा. आता रेडिएटरचं झाकण पहिल्या खाचेवरच ठेवा म्हणजे दाब चढणार नाही आणि पट्टी टिकेल. मात्र दाब नसल्याने पाणी लवकर उकळतं, म्हणून चाळीसच्या वेगाने चला आणि दर दहा किलोमीटरला पाणी बघा. दहा लिटरचा कॅन गाडीत कायम हवा.

रेडिएटरची एखादी नळी गळत असेल, आणि रेडिएटर तांबा-पितळेचा असेल, तर गळतीच्या वर आणि खाली पाकळ्या बाजूला करून ती नळी कापा, टोकं दुमडून पक्कडीने चेपा. एक-दोन नळ्या बंद झाल्याने फार फरक पडत नाही.

हळद टाकायची की नाही? मूठभर हळद बारीक भोक बुजवते हे खरं. ती थर्मोस्टॅट आणि रेडिएटरच्या नळ्यांतही बसते हेही तितकंच खरं. दुसरा मार्ग नसेल तर टाका, पण गावी पोचल्यावर त्याच आठवड्यात रेडिएटर फ्लश करा. विसरलात तर पुढच्या उन्हाळ्यात ती व्याजासकट वसूल होते. पाण्याचंही तेच. बोअरचं पाणी क्षाराचं असतं, केटलीत जमतो तसा पांढरा थर इंजिनातही जमतो. वाटेत जे मिळेल ते भरा, पण नंतर ते काढून फिल्टरचं पाणी आणि कूलंट घाला.

थर्मोस्टॅट बंद अडकल्याची खूण: इंजिन तापलंय आणि रेडिएटरचा खालचा भाग गार. थर्मोस्टॅटच्या घराचे बोल्ट काढून तो बाजूला काढा, गॅस्केटला सिलिकॉनचा पातळ थर देऊन झाकण परत बसवा.

रेडिएटर भरून, गार इंजिन झाकण उघडं ठेवून चालू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत असतील किंवा डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केट गेलंय. मग टोचन करूनच न्यायची.

पट्टा तुटला, म्हणजे ब्रेकही गेला

डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा स्वतःचा व्हॅक्यूम नसतो. ब्रेक बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो आणि जुन्या गाड्यांत तो बहुतेक वेळा अल्टरनेटरच्या मागे बसवलेला असतो. त्यामुळे फॅन बेल्ट तुटला की एकाच वेळी तीन गोष्टी जातात: चार्जिंग, पाण्याचा पंप आणि ब्रेकची मदत. बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनदा ब्रेक लागतो, मग पेडल दगड होतं. बॅटरीचा लाल दिवा घाटात पेटला तर तो फक्त बॅटरीचा समजू नका. कन्नडच्या औट्रम घाटात किंवा धारूरच्या घाटात उतरताना हे कळलं तर लगेच गिअर खाली घ्या आणि डोंगराच्या बाजूला थांबा.

दोरी, ओढणी बांधून पट्टा करण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात. त्या किलोमीटरभरही चालत नाहीत. मापाचा एक जादा पट्टा सीटखाली ठेवा. अल्टरनेटरचा ताणाचा बोल्ट सैल करा, पट्टा चढवा, टामीने अल्टरनेटर बाहेर रेटून बोल्ट आवळा. मधोमध अंगठ्याने जोरात दाबल्यावर दहा-बारा मिलिमीटर दबला पाहिजे. नवा पट्टा वीस-तीस किलोमीटरनंतर पुन्हा ताणा.

त्या व्हॅक्यूम पंपाला इंजिनाचं ऑइल एका बारीक पाइपने येतं आणि जाड नळीने परत जातं. बारीक पाइप फुटला तर इंजिनाचं ऑइल काही मिनिटांत रस्त्यावर येतं. ऑइल प्रेशरचा दिवा लागेल तेव्हा उशीर झालेला असतो. महिन्यातून एकदा अल्टरनेटरची मागची बाजू हाताने पुसून बघा, ओली लागली तर पाइप बदला. तो भोक बुजवून बंद करू नका, पंप कोरडा फिरून जाम होईल आणि पट्टा तोडेल.

पुढच्या चाकाचा व्हील सिलेंडर गळून पेडल खाली जात असेल तर त्या एका चाकाच्या रबरी होजला कापड गुंडाळून ग्रिप पक्कडीने चिमटा घ्या, तेवढं चाक वगळलं जातं. गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढेल. वीसच्या वेगाने, खालच्या गिअरवर, जवळच्या गॅरेजपर्यंतच. ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल किंवा डिझेल घालू नका. सगळी रबरं फुगतात आणि मग पूर्ण सिस्टिम बदलावी लागते.

इंजिन बंदच होत नाही

क्वचित घडतं, पण घडलं तर विचार करायला वेळ नसतो. जुन्या जीपांच्या ऑइल-बाथ एअर क्लीनरमध्ये खुणेच्या वर ऑइल भरलं, किंवा इंजिनातच ऑइल जास्त झालं, की इंजिन ते ऑइल ओढून जाळतं आणि आपोआप रेस होत जातं. चावी किंवा स्टॉप केबलचा उपयोग नसतो, कारण ते डिझेल तोडतात. वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबा आणि क्लच सोडा, इंजिन गुदमरून थांबेल. नाहीतर एअर क्लीनरच्या तोंडावर फळी किंवा जाड पुस्तक दाबा. हात लावू नका, ओढ जबरदस्त असते.

शाफ्टचा क्रॉस तुटला: इथे फोर-व्हील कामाला येते

गाडी निघताना 'खट्ट', वेग घेतल्यावर थरथर, मग एकदम आवाज आणि इंजिन फिरतंय पण गाडी हलत नाही. मागच्या ॲक्सलला ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याचा वाकता सांधा, गेला. साध्या गाडीला इथे टोचनाशिवाय पर्याय नाही, तुमच्याकडे पुढचं ॲक्सल आहे.

आधी चारही चाकांना दगडाची उटी (अडसर) लावा. शाफ्ट काढला की गिअर गाडी धरून ठेवत नाही. फार जुन्या जीपांचा हँडब्रेकही ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) मागच्या तोंडावर असतो, म्हणजे शाफ्टबरोबर तोही निरुपयोगी. शाफ्ट आणि फ्लँज दोन्हींवर खडूने खूण करा, परत त्याच स्थितीत बसवायचा असतो. बोल्ट काढताना माप बघा: जुन्या जीपांत चॅसी आणि ॲक्सलचे बरेच बोल्ट इंची असतात, इंजिनाचे मिलिमीटरचे. चौदाचा पाना नऊ-सोळांशच्या बोल्टवर जेमतेम बसतो, तेराचा अर्ध्या इंचीवर जवळजवळ बसतो, आणि त्या 'जवळजवळ'मध्येच बोल्टचे कोपरे गोल होतात. क्रॉस यू-बोल्टने धरलेला असेल तर नट काढल्याबरोबर त्याच्या टोप्यांभोवती चिकटपट्टी गुंडाळा. टोपी पडली की आतल्या सुया मातीत विखुरतात. शाफ्टचं टोक ट्रान्स्फर केसच्या आतच सरकणारं असेल तर ते काढल्यावर ऑइल सांडेल. तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी आणि क्लिप लावा.

मग फ्री-व्हील हब (पुढच्या चाकांवरचे 'लॉक' आणि 'फ्री'चे खटके) असतील तर दोन्ही 'लॉक'वर, ट्रान्स्फरचा लिव्हर फोर-हायवर. आता गाडी फक्त पुढच्या चाकांवर चालते. एरवी डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावू नये, पुढचं-मागचं ॲक्सल एकमेकांशी झगडतं आणि लिव्हर जाम होतो. इथे मागचा शाफ्टच नाही, तेव्हा तो प्रश्न नाही. वेग चाळीसच्या आत, वळणावर ॲक्सिलरेटर हलका. पुढच्या क्रॉसवर एकट्याने एवढं ओझं ओढायची पाळी रोज येत नाही.

उलट पुढचा शाफ्ट खडखडत असेल तर तो काढून टू-हायवर निवांत चला.

मागचा हाफ शाफ्ट (ॲक्सलमधून चाकापर्यंत जाणारा) तुटला तर मात्र चाकाचं हब बघा. चाकाच्या मधून फुगीर हब बाहेर आलेलं आणि त्यावर बोल्टांचं कडं असेल तर ते फुल-फ्लोटिंग. शाफ्ट काढून घ्या, भोक झाका आणि वरच्यासारखंच पुढच्या चाकांवर चला. हब सपाट असेल तर चाक त्या शाफ्टवरच अडकलेलं आहे, गाडी हलवली तर चाक निघून येईल.

फोर-व्हील लिव्हर लावूनही पुढची चाकं फिरत नाहीत, या तक्रारीचं निम्म्या वेळा उत्तर हबच्या खटक्यात असतं: एक 'लॉक'वर, दुसरा 'फ्री'वर राहिलेला. लिव्हर डांबरी रस्त्यावर जाम झाला असेल तर हातोडा न मारता गाडी सरळ रेषेत चार-पाच फूट मागे घ्या, ताण सुटतो आणि लिव्हर बोटाने निघतो.

पाटा

मुख्य पाटा (ॲक्सल धरणाऱ्या स्प्रिंगची पोलादी पट्टी) किंवा पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटला की ॲक्सल मागे-पुढे सरकतं आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. चॅसीला जॅक लावून उचला, ॲक्सल जागेवर आणा. ॲक्सल आणि चॅसीच्या मध्ये बाभळीचा ओंडका ठोकून बसवा आणि साखळीने ॲक्सलसकट आवळा. निंबाचं लाकूड चिरतं, बाभूळ टिकते. पंधरा-वीसच्या वेगाने रस्त्याला लागायचं. नवे यू-बोल्ट लावल्यावर पन्नास किलोमीटरनी पुन्हा आवळायचे, हे गॅरेजवाला सांगायचं विसरतो.

धसकटं, काटे आणि काळी माती

डिसेंबर-जानेवारीत तूर निघते आणि वावरात तिरकी कापलेली धसकटं उरतात. ती टायरच्या तळव्याला नव्हे, बाजूच्या भिंतीला भोसकतात, आणि ट्यूबलेसच्या भिंतीचं पंक्चर दोरी घालून टिकत नाही. म्हणूनच शेतात फिरणाऱ्या गाडीला ट्यूबचा टायर आणि एक जादा ट्यूब बरी. बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून राहतो. नवी ट्यूब घालण्याआधी आतून फडकं फिरवा, अडकेल तिथे काटा. बोट फिरवू नका.

काळ्या मातीत जॅक खाली जातो, गाडी वर येत नाही. बारा इंच बाय बारा इंच, दीड इंच जाड फळी सोबत ठेवा. फार जुन्या जीपांच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात, स्टडच्या टोकावर 'एल' असं इंग्रजी अक्षर कोरलेलं दिसतं. ते न बघता टामीवर उभे राहिलात तर स्टड मोडेल.

रुतल्यावर चाक फिरवत बसू नका. ओली काळी माती टायरच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीत होतो आणि प्रत्येक फेऱ्याला गाडी खाली बसते. ॲक्सलखालची माती फावड्याने मोकळी करा, टायरची हवा अठरा-वीस पीएसआयवर आणा, फोर-लो, दुसरा गिअर, हलका ॲक्सिलरेटर. चाकांखाली पऱ्हाटी किंवा तुराट्या घाला, आडव्या, जुडीने. कुणाच्या कडब्याला मात्र हात लावू नका, जनावराचा घास आहे आणि भांडणाचं कारणही. बाहेर आल्यावर टायरला हवा पुन्हा भरा आणि रिमच्या आतली माती काढा. ती वाळून कडक झाली की चाक उडतं आणि लोक अलाइनमेंटवर पैसे घालवतात.

पाण्यात इंजिन मेलं

ओढ्याच्या पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारायचा नाही. एअर क्लीनरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते सिलेंडरमध्ये आहे. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून किंवा ओढून बाहेर काढा, एअर क्लीनर उघडा. आतून कोरडा असेल तर ठीक. ओला असेल तर सगळे हीटर प्लग काढा, डीआयमध्ये नोझल काढा, आणि मग सेल्फ मारा. भोकांतून पाण्याचे फवारे निघून जातात. तोंड लांब ठेवा. त्याच आठवड्यात दोन्ही ॲक्सल, गिअर बॉक्स आणि ट्रान्स्फर केसचं ऑइल थोडं काढून बघा. ताकासारखं दिसलं तर बदला.

सोबत काय ठेवायचं

आठ ते एकोणीसचे पाने, इंचीत सात-सोळांश, अर्धा, नऊ-सोळांश आणि पाऊण, ग्रिप पक्कड, टामी, जॅकची फळी. डिझेल फिल्टरचा एलिमेंट, वॉशरची पुडी, दोन मीटर डिझेलची नळी आणि सहा क्लिपा. फॅन बेल्ट, वरचा-खालचा होज, एक क्रॉस, सेंटर बोल्ट. जुन्या ट्यूबची पट्टी, बाइंडिंग वायर, एमसील, साबणाची वडी, दोन लिटर इंजिन ऑइल, अर्धा लिटर ब्रेक ऑइल. यातलं एखादं राहिलं तर ट्रॅक्टरचं दुकान शोधा. अर्ध्या आणि एक लिटरचे डिझेल फिल्टर, बँजो वॉशर, हँड प्रायमर हे ट्रॅक्टरचेच बहुतेक जुन्या जीपांना चालतात, आणि ट्रॅक्टरचा फिटर तालुक्याच्या गावी असतोच. पंप-नोझलचं बेंच मात्र मोठ्या गावीच बघा. वाटेत पंप खोलू देऊ नका, पंपाच्या आतल्या भागांना मातीचा एक कणही चालत नाही.

स्टिअरिंगचा टाय रॉड एंड निसटला, ब्रेकचा मुख्य सिलेंडर बसला, सपाट हबचा शाफ्ट तुटला किंवा ऑइल प्रेशर शून्य झालं, तर जुगाड करायचं नाही, टोचन करायचं. ब्रेक किंवा स्टिअरिंग गेलेली गाडी दोरीने ओढायची नाही, तिला मागे क्रेन किंवा ट्रॉलीच लागते. बाकी वेळी पंधरा फुटांची दोरी, मधोमध लाल फडकं. हब 'फ्री'वर, गिअर न्यूट्रल, ट्रान्स्फरचा लिव्हरही न्यूट्रल. चावी लावलेली ठेवा, नाहीतर पहिल्याच वळणावर स्टिअरिंग लॉक होईल. इंजिन बंद म्हणजे बूस्टर बंद, तेव्हा मागच्या गाडीत दोन्ही पायांनी ब्रेक दाबू शकेल असा माणूस बसवा आणि दोरी ताणलेली ठेवायचं काम त्याच्याकडे द्या. वेग तीसच्या वर नको. पंचवीस-तीस किलोमीटरहून लांब न्यायची असेल तर मागचा शाफ्ट काढूनच ओढा.